एकाच बाजूला कललेले विषाणू

प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणायचे, आणि तिची सख्खी धाकटी बहीण तिथंच शास्त्रज्ञ म्हणून रुजू होईपर्यंत तिला त्याचं काही वाटत नव्हतं. धाकटी मात्र आल्या दिवसापासून मॅडम! वडील गेल्यावर शिक्षण सोडून नोकरीला लागली कोण? ताई. शिकून मोठी झाली कोण? धाकटी. आता एकीनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा तयार करायच्या आणि दुसरीनं त्या बघून शाबासकी घ्यायची. ताईचा नुसता जळफळाट व्हायचा. तो लपवणं तिला जमायचंही नाही. चहाचा कप ठेवायची तोसुद्धा आपटून.

तिचं काम मात्र भारी नाजूक. निष्प्रभ केलेल्या विषाणूंना चमकणारा रंग लावून ते काचेवर बसवायचे. मग अंधाऱ्या खोलीतला सूक्ष्मदर्शक तासभर त्यांची हजारो चित्रं काढतो, संगणक ती एकावर एक रचतो, तेव्हा कुठं विषाणूचा आकार कळतो. आता तासाभरात काच केसाच्या हजाराव्या भागाइतकी तरी सरकतेच. म्हणून प्रत्येक काचेवर चमकणारे बारीक मणी सोडायचे. मणी किती सरकले ते बघून संगणक चित्र जागेवर आणतो. मणी विसरलात, तर गोल विषाणूही लांबुळका दिसतो.

त्या सोमवारी धाकटीच्या पडद्यावर लांबुळके विषाणू उमटले. हा विषाणू आजवर सगळ्यांनी गोलच पाहिलेला. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, तर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, कमाल केलीत! शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येताहेत, त्यांना दाखवू."

ताईनं मान वाकडी करून चित्र पाहिलं. सगळे विषाणू एकाच बाजूला कललेले! रांगेत झोपायला ते काय वसतिगृहात राहतात? काच सरकली होती, दुसरं काय. एवढी शिकलेली बाई, आणि मण्यांवरून चित्र जागेवर आणायलाच विसरली! सांगायला तोंड उघडलं होतं ताईनं, पण मिटून घेतलं. होऊ दे शुक्रवारी चारचौघांत फजिती. पुढचे चार दिवस तिला जेवण गोड लागलं.

शुक्रवारी सकाळी काचांची नोंद करताना तिनं सहज मागचं पान उलटलं. सोमवारची काच. रंग, वेळ, सही, सगळं तिच्याच अक्षरात. मण्यांचा रकाना कोरा. त्या सकाळी सरांनी धाकटीचा फोटो फलकावर लावला होता आणि ताई रागानं धुमसत काचा करत होती. म्हणजे मणी सोडायला तीच विसरली होती.

तशीच ती धाकटीच्या खोलीत शिरली. "सोमवारच्या काचेवर मणी नव्हते."

"माहितीये," धाकटी म्हणाली. "मंगळवारीच लक्षात आलं. मणी घालून मीच नवी काच केली. गोलच आहेत गं ते."

"मग पाहुणे?"

"त्यांना दुसरं काम दाखवतोय. मणी मीच विसरले असं सरांना सांगितलंय. तुझं नाव कशाला मध्ये आणू, ताई?"

ताईला भरून यायला हवं होतं. थोडं आलंही. पण त्याच्यावर जुनी आग उसळून आली. शिक्षण हिचं, कौतुक हिचं, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच! आपण चार दिवस हिची फजिती व्हायची वाट बघत होतो आणि ही आपल्याला पाठीशी घालत होती.

ती ताडताड सरांच्या खोलीत गेली. पाहुणे येऊन बसले होते, तरी थांबली नाही.

"सर, ती काच माझी. मणी मी विसरले. आणि चित्र चुकलंय हे मला सोमवारीच दिसलं होतं, तरी मी गप्प बसले."

धाकटी मागून धावत आली. "ताई, अगं कशाला!"

"तू गप बस," ताई सगळ्यांदेखत ओरडली. "निदान चूक तरी माझी राहू दे!"