नव्या प्लायवूडचा वास

“मला वास येत नाय, तुमी सांगा.” काम उरकलं की आमचे सुतार मिस्त्री खोलीच्या मधोमध उभे राहून घरच्यांना हेच विचारायचे. तीस वर्षं बंद खोल्यांत थिनर आणि पॉलिश मारून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. मुरबाडकडे त्यांच्याकडून फर्निचर करून घेतलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यालाही हा प्रश्न आठवेल.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी, वैशाखऱ्याला येणार होती. हौसेने मी तिच्या खोलीत प्लायवूडचं भलंमोठं कपाट करून घेतलं. लेकीचं येणं दोन दिवसांवर आलं आणि मिस्त्रींनी प्रश्न टाकला. माझे डोळे चुरचुरत होते, तरी मी बेधडक म्हटलं, “छे, कसला वास?” आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबतात. माझ्या त्या कोंबून झाल्या होत्या, वर धूप घालून मी वास झाकणार होते. काय म्हणावं माझ्या अकलेला!

“मग डोळं का पुसताय, वहिनी?”

कबूल करावंच लागलं. ते रागावले नाहीत. प्लायमधल्या गोंदाचा वायू उघड्या कडांतून महिनोन्‌महिने निघत राहतो, धुपाने तो जात नाही, उलट धुराची भर पडते, असं त्यांनी खाली बसून समजावलं. मग म्हणाले, “माझं नाक गेलं ते गेलं. बाळाची छाती नाजूक. पोरीला हितं घेऊ नका.”

मला असा संताप आला म्हणता! एवढं कपाट करून लेक जुन्या खोलीत निजणार? पण बाळाचं नाव काढल्यावर मी लेकीची गादी जुन्या खोलीत हलवली. मिस्त्रींनी कपाटाची दारं उतरवून अंगणात उन्हाला लावली. मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या कडासुद्धा पट्ट्या चिकटवून बंद केल्या. चिंध्या उपसल्या आणि खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून बसवला.

नात झाली, दवाखान्यातून जुन्या खोलीतच आली. मिस्त्री दर आठवड्याला येऊन मला आत पाठवायचे. “अजून येतो,” मी खरं सांगायचे, आणि तेवढ्यावरही ते खूश व्हायचे.

पुढे त्यांनी काम सोडलं, कल्याणला मुलीकडे गेले. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी मी त्या खोलीत शिरले, तर डोळे चुरचुरले नाहीत. पाळणा तिथे हलवला आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

“बाळ मागून,” ते म्हणाले, “आधी खिडकी दाखवा.”

दाखवली. सताड उघडी होती. मग नात दाखवली. झोपेत तिची छाती संथ वरखाली होत होती. मिस्त्री कितीतरी वेळ नुसते तेवढंच बघत राहिले.