थांबलेला ठिपका

सायली सातपूरच्या कामगार वसाहतीत वाढली. कॉलेजात खो-खो खेळायची. गुडघा गेला तेव्हापासून दुसऱ्यांचे खेळ सांगते. एका क्रीडा वेबसाइटचं लाइव्ह पान ती चालवते. त्यावर वाचक प्रश्न विचारतात, कौल देतात, आणि धावपटूंच्या मनगटावरच्या पट्ट्यामुळे प्रत्येकाचा ठिपका नकाशावर सरकताना पाहतात.

त्या रविवारी नाशिकच्या अर्धमॅरेथॉनमध्ये पेठ तालुक्याकडचा भिका दुसरा होता. चौदाव्या किलोमीटरला, पाण्याच्या टेबलापाशी, त्याचा ठिपका थांबला. पाच मिनिटं झाली तरी हलेना. शेवटच्या रेषेजवळच्या मंडपातून सायलीने लिहून टाकलं, 'भिकाची माघार.' शेजारी बसलेल्या संपादक कुंदनने लगेच कौल लावला : भिका पुन्हा धावेल का?

खाली शेरे पडू लागले. "नागलीच्या भाकरीचा दम संपला!" "भाऊ चहाला थांबला वाटतं." त्यांच्यातच एक ओळ आली : "मी सुनील, भिकाचा शेजारी. त्याची आई भागीबाई माझ्या फोनवर बघतेय. परवा त्याला चक्कर आली होती. ती विचारते, माझा पोरगा पडला का?"

सायलीने त्या पाण्याच्या टेबलावरच्या स्वयंसेवक यादवदादांना फोन लावला.

"भिका? तो कधीच पुढं गेला की! पट्टा माझ्याकडं देऊन गेला. म्हणाला, दादा, महागाची वस्तू हाय, घामानं बिघडली तर? सांभाळा."

कुंदन म्हणाला, "त्याचा फोटो येईपर्यंत थांब. कौल रंगात आलाय."

"सर, तिकडे त्याची आई बसलीये."

कौल तिने स्वतःच काढला आणि लिहिलं, 'भिकाने माघार घेतलेली नाही. मी न विचारता लिहिलं, चूक माझी. यादवदादांनी त्याला पळत जाताना पाहिलंय. पुढचं कळलं की आधी भागीबाईंना सांगेन. – सायली.'

भिका तिसरा आला. पण मनगटावर पट्टा नाही, म्हणून निकालाच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही. सायलीने तेही लपवलं नाही.

सुनीलचं उत्तर आलं, "मावशी म्हणते, नंबर राहू दे. तो धड हाय का?"

सायली लंगडत मंडपाबाहेर गेली. गर्दीत भिका सापडला. तिने तिथूनच टाइप केलं,

"उभा आहे. पाणी पितोय."