यंत्राच्या दांड्याला झोळी

भोंगा वाजाय लागला अन् मी धुणं पाण्यातच सोडून काठावरल्या खांबाच्या दांड्याला बांधलेली लेकीची झोळी सोडाय पळाले, पण साडीची गाठच सुटंना, अन् वर शहागडात गलका, "गोदावरी आली, पळा," म्हाताऱ्या पळताना पडाय लागल्या, गुरं दावी तोडाय लागली, अन् माझ्या पायाखाली पाणी तं घोट्याएवढंच. मंग यंत्राचा साहेब फटफटीवर आला, झोळीकडं बघून म्हणला, "बाई, ह्या दांड्यावरचं यंत्र खाली पाणी किती लांब हाय ते मोजतं. तुझी झोळी मधी आली, त्याला वाटलं पाणी चढलं, कॉम्प्युटरनं पूर आला समजून खालच्या सगळ्या गावांचे भोंगे वाजवले." सगळं गाव माझ्यावर धावलं. "झोका बांधाय सरकारी खांबच घावला का गं?" सासू म्हणली, "अडाणी ती अडाणीच." मला नुसता खांब वाटल्ता, अन् काठाला झाड बिलकुल न्हाई. आता लेक शाळंत जाती. काल भोंगा वाजला तं कोणी उठलंच न्हाई, शेजारीण चहा गाळीत हासली, "आज कोणाची झोळी गं?" मी एकटी लेकीला घेऊन टेकाडावर पळाले. पाणी खरंच आलं, घरात शिरलं, अन् त्याचाबी दोष माझ्याच माथी. सांगा बरं, त्या दिवशी धुणं करताना तुम्ही लेकरू कुठं ठेवलं असतं?