बरणीतला सूर्य

इंदिरानगरात आमच्या शेजारी भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. दर रविवारी ते आम्हा शेजाऱ्यांना बोलावून काचेच्या बरणीतली हवा पंपाने काढत आणि आतल्या धातूच्या गोळ्याला वीज जोडत. गोळ्याभोवती जांभळा उजेड पसरला की म्हणत, "सूर्यही असाच बाहेरच्या विजेवर चालतो. सिद्ध झालं की नाही?" समोरचा मान डोलवेपर्यंत "की नाही, की नाही" चालूच राही.

एकदा माझ्या बायकोने विचारलं, "सर, मेणबत्तीही उजेड देते. म्हणून सूर्यात वात असते का?"

त्यांनी खटकन बटण बंद केलं. "वहिनी, हे तुमचं क्षेत्र नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी आधीच बजावलं, "प्रश्न शेवटी." आणि उजेड विझताच सगळ्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

या माणसाने आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, याचीच मला धास्ती वाटते.