चालीतले फोल शब्द

गाणं लिहायची माझी रीत सरळ आहे. आधी शब्द. आखीव वहीत, मात्रा बोटांवर मोजून, खाडाखोड करून. मग ज्याला चाल लावायची त्यानं ती लावावी. सानगडीचा माझा विणकर मित्र याला हसायचा. "गुरुजी, तुमी त आधी सदरा शिवता अन् मंग माणूस हुडकता," म्हणायचा. मला राग यायचा. मी चिडका माणूस आहे, शाळेत पोरं मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

त्याची रीत उलटी. आधी चाल, आणि तीसुद्धा मागावर बसूनच. पाय पावड्यांवर, हातात धोट्याची दोरी, समोर ताणलेलं सूत. ठेका मागच द्यायचा. पण चाल काही मुकी गाता येत नाही, तिला तोंडात धरायला शब्द लागतात. मग समोर दिसेल ते, मनात येईल ते तो चालीत कोंबायचा. एक आख्खी चाल सिलिंडर, उंदीर आणि मेहुण्याची मोटारसायकल यांवर होती. या शब्दांना तो फोल म्हणायचा. धान पाखडताना सुपातून उडून जातो तो फोल. मोबाइलवर चाल गाऊन पाठवायचा आणि शेवटी सांगायचा, "फोल पाखडून टाका गुरुजी, दाणा ठेवा." मग मी मात्रा मोजायचो आणि त्या मापाचे माझे शब्द बसवायचो. दंडारीची, आमच्याकडच्या लोकनाट्याची, कितीतरी गाणी आम्ही अशीच केली. इतक्या वर्षांत मला सवयच लागली होती, चाल ऐकायची आणि शब्द कानाबाहेर ठेवायचे. या सवयीचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी एकोडीच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, गाणी बसवत होतो. मंडईला माहेरी आलेली लेक बापाच्या बांधावर उभी राहून गाते, असा प्रसंग होता. तीनदा मी शब्द लिहून दिले, त्यानं तिन्ही वेळा परत केले. "याले चाल लागत नाही. मीच आधी देतो," म्हणाला. आणि एका सकाळी, शाळेत दुसरा तास संपता संपता, त्याचा आवाज आला.

"दुखते गा दुखते, डावा खांदा दुखते, पाठीतून निंगून हातात येऊन रुसते."

मी काय केलं? वऱ्हांड्यात उभं राहून बोटांवर मात्रा मोजल्या. चाल फारच सुंदर होती. 'रुसते'वर तो थोडा थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मग खाली उतरायचा. मला वाटलं, काय जागा घेतली आहे पठ्ठ्यानं. मी लगेच त्याला बोलून पाठवलं, "झकास. फक्त दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे, ती कमी कर." दुपारच्या सुटीत त्यानं ती कमी करून पाठवली. पुन्हा तोच खांदा, तोच हात, माझ्या मापात बसवलेला.

चौथ्या दिवशी तो मागावरच कोसळला. छातीत कळ आली आणि साकोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

तेरवीनंतर एका दुपारी त्याचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून मी ती चाल लावली. मात्रा मोजायचं काही कारण उरलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला त्यातले शब्द ऐकू आले. मोबाइल हातातून खाटेवर पडला आणि तिथेच गात राहिला. तो उचलायची माझी हिंमत झाली नाही.

मंडईला ते गाणं झालं. दंडारीतल्या पोरांनी जीव ओतून म्हटलं, लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शब्द माझे होते. मला मात्र खांदाच ऐकू येत होता. आता ती चाल कुठंही गाठते. फळ्यावर गणित लिहिताना येते, मोटारसायकलच्या आवाजात येते. शहापूरच्या एका लग्नात बँडवाल्यांनी वाजवली, मी भरल्या ताटावरून उठलो. पाहुणे म्हणाले, गुरुजीचं पित्त वाढलं असेल. मी माझे शब्द मोठ्यानं म्हणून पाहतो. दोन ओळी टिकतात, मग गळून जातात आणि खालून त्याचे निघतात. तेव्हापासून मी कुणाची चाल आधी घेत नाही.

त्याची बायको मात्र आवाज मागत होती. त्याचा मोबाइल पोरीनं दुरुस्तीला दिला आणि त्यातलं सगळं पुसून आलं. "गुरुजी, तुमच्याजवळ त्यायचा आवाज असन. मले द्या ना," वहिनी दर भेटीत म्हणायची. मी दर वेळी थाप मारायचो. मेमरी भरली, शोधतो, पुढच्या आठवड्यात देतो. तिला त्रास होईल म्हणून नव्हे. तिनं ते ऐकलं की तिला कळेल, तिचा नवरा दुखणं सांगत होता आणि गुरुजी मात्रा मोजत होते. मला त्याचं भय होतं.

या दिवाळीनंतर मात्र राहवेना. सानगडीला गेलो. दुपारची वेळ, वहिनी कांड्या भरत बसली होती. आधी सगळं सांगून टाकलं. त्यात तो दुखणं सांगतो आहे, मी ते ऐकलं नाही, उलट मात्रा कमी करायला लावली. तिनं चरखा थांबवला आणि म्हणाली, "लावा त."

लावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. गाणं संपलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

"हे त आठ दिवस घरात चालू होतं गुरुजी," ती म्हणाली. "मी सयपाक करता करता आयकत होती. मीच म्हटलं त्याहिले, लय गोड हाय, आखीन एकदा म्हना."