नवऱ्याचा रक्तगट

तिसऱ्यांदा माझं पोट रिकामं झालं, तेव्हा सांगवीतल्या आमच्या ओसरीवर ग्रामसभेला कधी जमत नाहीत एवढी माणसं जमली. चहाचं पातेलं तीनदा चढलं. मी आतल्या खाटेवर पडून सगळं ऐकत होते. तिन्ही वेळा तिसऱ्याच महिन्यात, आणि प्रत्येकाकडे त्याचं एक कारण तयार. पपई, ग्रहण, स्कूटी, मोबाईल. एका बाईनं तर मी ज्या कोबीच्या वाफ्यात खुरपायला बसले होते, त्या वाफ्यालाच दोष दिला. वाफ्याचा बिचाऱ्याचा काय संबंध? त्यात चार-चार किलोचे गड्डे निघाले होते. बरं, अडीच म्हणा.

मग तात्या खाकरले, आणि ओसरी गप्प झाली. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवली आणि उरलेली निम्मी मोडली, असं मी सांगते. त्यांच्याकडे बायोडाट्यांची एक पिशवी असते, तिच्यात दुष्काळात सुद्धा पीक येतं. त्यातून त्यांनी आमच्या दोघांचे कागद काढले.

"बघा. हिचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. ह्याचा पण त्योच. एकच रक्त, म्हंजी एकच नाड झाली की. टिकंल कसं?"

आमच्याकडे पत्रिकेत एक नाड निघाली की लग्न जमत नाही. आमच्या नाडी वेगळ्या निघाल्या होत्या आणि त्या तात्यांनीच तपासून घेतल्या होत्या. पण आता त्यांना लॅबची नाड सापडली होती.

"पोरीचा दोष न्हाय, पोराचा न्हाय," ते पुढं म्हणाले. "समजुतीनं मोकळं करा. तिला इंदापूरला माहेरी सोडा. दोघं दुसरीकडं सुखी व्हतील."

आवाज इतका गोड, की कुणाला वाटावं पेढे वाटतायत. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, पण 'न्हाय' म्हणाल्या नाहीत. माझा नवरा खांबाला टेकून अंगठ्यानं मोबाईलची काच पुसत बसला. त्या दिवशी त्यानं ती एवढी पुसली, की पलीकडचं दिसायला लागलं असेल.

पुढच्या आठवडाभरात माझा रक्तगट गावभर झाला. बारामतीच्या मंडईत भेंडी घेऊन गेले, तर आमच्या व्यापाऱ्यानं पाटी उचलायच्या आधी हळूच विचारलं, "वहिनी, एकच हाय म्हणं?" शेजारच्या काकूंनी उपाय काढला. म्हणाल्या, "दुसऱ्या गटाच्या दोन बाटल्या चढवून घे, बदलतंय." जणू मी ट्रॅक्टर, आणि माझं ऑइल बदलायचं. इंदापूरहून आईचा फोन आला. ती रडून म्हणाली, "पुन्यांदा तपासून बघ की गं, दुसरा गट निघंल एखादा." मला हसू येत होतं आणि समोरची बादली लाथेनं उडवावीशी पण वाटत होती. मी बादली उडवली. ती पार जळोची गावापर्यंत गेली नाही, एवढंच.

मग मी नवऱ्याला मोटारसायकलवर बसवलं आणि बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाडी तोच चालवत होता, पण नेलं मी.

बाईंनी तात्यांचा सिद्धांत शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "दोघांचा गट एकच असण्यानं काहीही बिघडत नाही. बघायचं असतं ते आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तर. त्यालाही इंजेक्शन आहे, आणि तो त्रास बहुतेक पुढच्या बाळांना होतो, तोही बराच उशिरा. तुम्ही पॉझिटिव्ह आहात. तुमच्यापुरता रक्तगटाचा विषय संपला."

दोन मिनिटांत संपला! आमच्या ओसरीवर त्यावर तीन पातेली चहा झाला होता.

खरी कारणं त्यांनी कागदावर लिहिली. थायरॉईड, साखर, गर्भपिशवीचा आकार, रक्तात गुठळ्या करणारा एक दोष. आणि गुणसूत्रं. "नवरा-बायकोपैकी एकाच्या गुणसूत्राचा तुकडा जागा सोडून बसलेला असू शकतो. माणूस धडधाकट असतो, पण गर्भ टिकत नाही. यासाठी दोघांचंही रक्त लागेल."

"माझं पण?" नवरा म्हणाला.

"तुमचं पण."

ज्या माणसानं उसातून निघालेला नाग फावड्यावर उचलून बांधापलीकडे टाकला, तो सुई बघून पांढरा पडला. पण त्यानं हात पुढं केला. त्याच सुईत मी त्याचा रक्तगटही तपासून घेतला. बाकीचे रिपोर्ट तीन आठवड्यांनी मिळणार होते, गटाचा तेवढा संध्याकाळी मिळाला. ए पॉझिटिव्ह.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. "अहो, तुमच्या बायोडाट्यात तर बी आहे."

"तात्यानी भरला हुता. मी कवा तपासलंच न्हवतं."

घरी आल्याबरोबर मी ती चिठ्ठी तात्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"व्हय, मीच लिवला. तुझ्या कागदावर बी पॉझिटिव्ह हुता, म्हणून ह्याचापण त्योच टाकला. म्हटलं, जुळलेलं बरं, अडीनडीला एकमेकाला रक्त देतील."

"मग आता?"

"आता काय? ए आन् बी. न्हाईच जुळत की. ह्येच कारण."

मला त्या क्षणी जे बोलावंसं वाटलं, ते लिहिलं तर कागद पेटेल.

तीन आठवडे मी वाट पाहिली. खरं सांगते, कारण सापडावं म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. माझ्यात सापडो, त्याच्यात सापडो, पण नाव असलेलं, गोळी असलेलं काहीतरी सापडो. बाईंनी सगळे रिपोर्ट उलटले आणि म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे. दोघांचंही."

"असं कसं? काहीतरी असलंच पाहिजे."

"पुष्कळ जोडप्यांत कारण सापडतच नाही. ही वाईट बातमी नाही. पुढचं मूल राहण्याची शक्यता चांगली आहे. दिवस गेले की लगेच या."

मी त्यांच्यावर चिडले. त्यांचा काडीचा दोष नव्हता, तरी चिडले.

परतताना नवऱ्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली. "घरी सांगू, माझ्यात निघालं," तो म्हणाला. "मग तुला कोण इंदापूरला धाडतंय?"

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, पण इतकी सुबक थाप मला कुणी आयती दिली नव्हती. मोह झाला, फार झाला. पण एका खोट्या अक्षरावर आमचा संसार मोडायला निघाला होता, त्यावर दुसरं कशाला? मी म्हटलं, "आहे तेच सांगू."

सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. आणि नेमका तेव्हाच कुणाचा विश्वास बसला नाही.

"लपिवताय," तात्या म्हणाले. "येवढ्या तपासण्या आन् काईच न्हाय? आपलं आधीचंच बरं. इंदापूरला..."

"ती जायची न्हाय," नवरा म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. "तिला सोडायचं आसंल, तर मी तिकडंच ऱ्हातो. सासऱ्याच्या डाळिंबाला माणूस लागतुयाच."

तात्यांनी कप तसाच ठेवला, पिशवी काखेत मारली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून पुतण्यात दोष निघाला असं ते गावाला सांगतायत, आणि मी दारोदार ते खोडून काढतेय.

त्या संध्याकाळी मात्र सासूबाई तो कप उचलायला आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या.

"तुझं नीट हाय. ह्याचं नीट हाय."

"व्हय."

"मग तिन्ही गेली का?"

"मला माहीत न्हाय, आई."

"डाक्टरणीला?"

"तिला पण न्हाय."

कप हातात धरून त्या तशाच बसून राहिल्या. मी पण.