बरुआसागरची सखी आणि तिचं मनगटी घड्याळ

बरुआसागरला जायचं ठरलं ते तळ्यासाठी नव्हे, भांडणासाठी. तिथल्या एका निवृत्त मास्टरसाहेबांनी गावाचा सचित्र इतिहास लिहिलाय. छपाईआधी त्यांनी पानं मला धाडली, कारण इतिहासातली थाप दिसली की मी भर सभेत उभी राहते, हे झाशीत सगळ्यांना ठाऊक आहे.

एका पानावर जुना फोटो होता. तळ्याच्या पायऱ्यांवर नऊवारीतली तरुणी, हात उंचावलेला. खाली ओळ: 'महारानी की सखी, शत्रु की सेना दिखाते हुए।'

ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आत्याने चष्मा लावला. "अगं, ही तर मी! रेल्वे कॉलनीतल्या आम्ही बायका संक्रांतीचं हळदीकुंकू करायला तळ्यावर गेलो होतो. सेना कसली? माकड पुऱ्यांचा डबा घेऊन पळालं होतं!"

मी पेटलेच. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी निघालो.

जाणार असाल तर झाशीहून सकाळची पॅसेंजर पकडा. तिकीट चहाच्या भावात पडतं आणि ओरछा मागे पडलं की बेतवेचा पूल लागतो. त्यासाठी खिडकी मिळवाच. मला पूल दिसला नाही, मी भाषणाची तालीम करत होते. समोरच्या म्हातारीने बुंदेलीत विचारलं, "काए बिन्नू, कौन सें लड़बे जा रईं?"

"मास्टर से," आत्या म्हणाली. "बेचारा।"

स्टेशनावरून ई-रिक्षा मिळते. गाव छोटं, वर किल्ला, खाली एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ धुरकट दिसावा. बाजारात आल्याचे ढीग. टपरीवरचा आल्याचा चहा नक्की प्या, माझा घसा त्याने आणखी तापला.

मास्टरसाहेबांनी ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. "बहनजी, नौ गज की साड़ी पहने हैं, तो सखी नहीं तो और कौन होंगी?"

त्यांचंही खरं होतं. त्या गावात नऊवारी दिसते ती शाळेच्या नाटकात, राणीच्या अंगावर. पण खरं असलं म्हणून मी सोडते थोडीच!

"मास्टरसाहब, अठारह सौ सत्तावन की सखी कलाई पर घड़ी बाँधती थी?"

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. "हम तो कंगन समझे थे।" मग पडक्या आवाजात, "आज शाम को किताब छपने जाएगी। इसे हटा दें तो बचेगा क्या? तालाब और अदरक?"

मी घसा खाकरला. सत्य, समाज, पुढच्या पिढ्या, सगळं ओठांवर आलं होतं.

"तू गप्प बस," आत्या म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. "हटाना मत, भैया। नाम लिखो। मैं रेल्वे के स्कूल में पढ़ाती थी, ये घड़ी मेरी पहली तनख्वाह की है। ससुराल में सब हँसे थे, नऊवारीवर घड्याळ! घड़ी तो कब की खो गई। उसका यही एक फोटो है।"

मास्टरसाहेबांनी पेन उघडलं. "शुभ नाम, अम्माजी?"

"कुसुम।"

"आगे?"

"आगे बंदर। वो भी लिखना।"

परतताना आत्याने पिशवीभर आलं घेतलं. माझं भाषण तसंच्या तसं झाशीला परत आलं.

मग पुस्तक आलं. आत, फोटोखाली: 'कुसुमजी, अध्यापिका, झाँसी रेलवे कॉलोनी। हाथ बंदर की ओर है।' मी खूश! मग मुखपृष्ठ पाहिलं. ते आधीच रंगवून झालं असावं. त्याच पायऱ्या, तीच नऊवारी, उंचावलेल्या हातात आता तलवार. आणि चित्रकार इतका प्रामाणिक की मनगटावर घड्याळही.

मी मास्टरसाहेबांना लावायला फोन उचलला. "आत्या, ही शुद्ध थाप आहे! आत्ताच्या आत्ता त्यांना..."

शेजारी बसलेल्या आत्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"ठेव तो फोन. घड्याळाला काटेसुद्धा काढलेत बघ."